तिच्या वाटणीचं चालणं

"नको आई. रित्वा म्हणते, सकाळी साखर खाल्ली की दुपारपर्यंत मन पुन्हा खचतं."

वेन्लाने बशी हळूच दूर सारली. रागाने सारली असती तर ओर्वोक्कीला इतकं लागलं नसतं. पण पोरीने ती हसत हसत सारली, आणि बशीतले दोन गरम गोड पाव, पहाटे उठून मळलेले, वेलदोड्याची पूड सढळ हाताने घातलेले, तसेच वाफाळत राहिले. वेन्लाने पाण्यात शिजवलेली ओटची पेज वाडग्यात घेतली, वर रानातली तांबडी आंबट फळं टाकली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पोरीचा चेहरा कसा उजळला! लोकरीची टोपी कानांवर ओढत, भिंतीला टेकवलेल्या स्कीच्या पट्ट्या खांद्यावर टाकत ती निघूनही गेली.

ओर्वोक्की कमरेवर हात ठेवून खिडकीशी गेली. मार्चमधला रविवार, बर्फावर कडक पापुद्रा धरलेला आणि वर लख्ख ऊन. तळ्याच्या काठाने दोघी निघाल्या होत्या. रित्वा पुढे, वेन्ला मागे. दोघी उंच, दोघींचे खांदे रुंद, दोघी डावा पाय टाकताना मान किंचित कलती करत. वीस वर्षं ज्या पोरीला ओर्वोक्कीने जिवापाड जपलं, ती चालत होती मात्र रित्वासारखी... रक्ताचं चालणं ते. त्याला कोण काय करणार?

आणि रित्वाला या घराच्या दारात आणलं होतं कुणी? खुद्द ओर्वोक्कीने.

वेन्ला चार वर्षांची असताना तिची जन्मदाती रित्वा घर सोडून गेली होती. बाळंतपणानंतर तिच्या मनावर जो अंधार आला तो हटलाच नाही, आणि एक दिवस बॅग भरून ती समुद्रापलीकडे स्वीडनला निघून गेली. ओर्वोक्की तेव्हा गावातल्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. एक हाडकुळी पोर जेवणाच्या ताटासमोर ओठ घट्ट मिटून बसते, कुणाच्याच हातून घास घेत नाही, असं बाई सांगायच्या. ओर्वोक्कीने तिला उचलून स्वयंपाकघरात आणलं, मांडीवर घेतलं, आणि भट्टीतून काढलेल्या पावाचा तुकडा फुंकर मारून तिच्या ओठांशी धरला. पोरीने तो खाल्ला. मग दुसरा खाल्ला. संध्याकाळी तिला न्यायला आलेला तिचा बाप आहती, लाकूडवाहू ट्रक चालवणारा तो अबोल माणूस, दारात उभा राहून ढसाढसा रडला होता. पुढच्याच वर्षी ओर्वोक्की त्याची बायको होऊन घरी आली.

तिला स्वतःचं मूल हवं नव्हतं का? हवं होतं! पण एकदा तिने नुसता विषय काढला, तर वेन्लाने विचारलं, बाळ आलं की तू मला परत देणार का? आणि तीन दिवस ती जेवली नाही. ओर्वोक्कीने तो विषय मनाच्या तळाशी पुरून टाकला. आहतीला म्हणाली, आपल्याला एक आहे ना, पुरे.

तीच वेन्ला गेल्या शरदात हेलसिंकीहून परत आली ती ओळखू न येण्यासारखी. परिचारिकेचं शिक्षण अर्धवट टाकलेलं, अंग सुजल्यासारखं सुटलेलं, डोळ्यांत काही नाही. दिवसभर पडदे ओढून पडायची. ओर्वोक्कीला एकच इलाज ठाऊक होता. तिने भाजलं, तळलं, लोणी लावलं, भरवलं... पोर मुकाट खायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळ्यांइतकंच रोज मोकळ्या हवेत चालणं आणि वेळेवर साधं जेवण महत्त्वाचं आहे. एकटी ती उठणार नाही, कुणीतरी सोबत हवं.

कोण जाणार सोबत? आहती आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. आणि ओर्वोक्कीचा खुबा झिजलेला, शस्त्रक्रियेसाठी यादीत नाव लावलेलं. रस्त्याच्या टोकाच्या टपालपेट्यांपर्यंत जाऊन आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन दिवस तिने प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी ती बसमध्ये बसली आणि तळ्याच्या पलीकडे रित्वाच्या दारात जाऊन उभी राहिली.

रित्वा चार वर्षांपूर्वी गावात परतली होती. नगरपालिकेचे व्यायामाचे वर्ग घ्यायची. वेन्ला सणासुदीला आली की दोघी एखादी कॉफी पिऊन यायच्या, परक्यासारख्या. त्याहून जवळ यायचा धीर रित्वाला झाला नव्हता. ओर्वोक्कीने बसायलाही नकार दिला. उभ्यानेच म्हणाली, "माझे पाय चालत नाहीत. तुझे चालतात. तिला रोज बाहेर काढ. आणि मी आले होते हे तिला कधी कळू देऊ नकोस. तुझी तूच आलीस, असंच तिला वाटू दे. माझी शपथ आहे तुला."

 रित्वाने फक्त मान हलवली.

आणि ती आली. पहिल्या दिवशी टपालपेट्यांपर्यंत, आठवड्याने तळ्यापर्यंत, मग दोन हातांत चालायच्या काठ्या घेऊन जंगलातल्या वाटेने तासभर. हळूहळू ताट बदललं. अर्धं ताट भाजी, थोडे बटाटे, मासा, काळा पाव. नाताळपर्यंत वेन्लाचे पडदे सकाळी आपोआप उघडायला लागले. जानेवारीत ती सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, गुणगुणताना ऐकू आली. एके दुपारी अंगणातून तिचं हसू आलं, मोकळं, खळखळतं, कित्येक महिने ज्याची वाट पाहिली ते हसू. ओर्वोक्की हातातली भांडी टाकून लंगडत दाराशी धावली... आणि तिथेच थबकली. समोर रित्वा बर्फात पालथी पडली होती आणि वेन्ला तिला हात देत हसून हसून वाकली होती.

देवा, आनंद व्हायला हवा होता! झालाही. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ जे आलं ते ओर्वोक्कीने आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. छातीत निखारा ठेवल्यासारखं झालं. वीस वर्षं ताप मी काढले, परीक्षांना मी जागले, आणि ही आली चार महिन्यांत पट्ट्या बांधून, आणि पोर हिची झाली? त्या दिवसापासून ती दोघींचे शब्द मोजायला लागली. 'रित्वा म्हणते' हे दिवसातून किती वेळा आलं, ते तिला झोपताना आठवायचं. रित्वाचं काटक अंग आठवायचं आणि आरशातलं आपलं थोराड, लंगडं शरीर नकोसं व्हायचं. आहतीपाशी एकदा जरासं बोलून पाहिलं, तर तो म्हणाला, पोरगी बरी होतेय ना, मग तुझं काय दुखतंय? त्यानंतर ती कुणापाशीच बोलली नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी ती गोष्ट घडली. वेन्लाने माशाचं सूप साध्या पातळ दुधात करायला सांगितलं. ओर्वोक्की हो म्हणाली आणि पातेल्यात अख्खा डबाभर क्रीम ओतलं. वेन्लाने बोटं चाटत खाल्लं. "आई, पातळ दुधातसुद्धा तुझ्या हाताला ही चव कशी येते गं?" असं ती म्हणाली, आणि ओर्वोक्कीला कित्येक दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी पेजेत लोणी गेलं. तिसऱ्या दिवशी भाजीत. लपवून, पोरीची पाठ वळली की. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, पण रोज सकाळी हॉर्न वाजला की हात पुन्हा लोण्याकडे जायचा.

त्या तीन आठवड्यांत वेन्लाचं वजन आधी हललं नाही, मग वाढलं. ती म्हणाली, कदाचित मी आतूनच बिघडलेली असेन. ओर्वोक्कीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि त्या लख्ख उन्हाच्या रविवारनंतर चारच दिवसांनी, सकाळी हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि वेन्ला खोलीबाहेर आलीच नाही. ओर्वोक्कीने दार लोटलं. पडदे ओढलेले होते. भिंतीकडे तोंड करून ती पडली होती.

"रित्वाला सांग, जा म्हणावं. काय उपयोग आहे? सगळं करूनही मी तशीच आहे."

 हा अंधार कुणी आणला होता? आजार नव्हे, नशीब नव्हे... तिच्याच हाताने! ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सूप, पेज, भाजी, तीन आठवडे. एक अक्षर लपवलं नाही. लपवलं ते फक्त रित्वाच्या दारात जाणं.

वेन्ला उठून बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"मी रोज स्वतःला दोष देत होते, आणि तू बघत होतीस? जिने मला टाकलं, ती स्वतःहून आली आणि मला उठवलं. आणि तू? तुला मी आजारीच हवी होते. तुझ्या हातून खाणारी."

ओर्वोक्कीला म्हणायचं होतं, पोरी, तिला मी... पण शब्द ओठांशी आला आणि तिने तो गिळला. आई स्वतःहून परत आली, हे सुख या पोरीला आयुष्यात एकदाच मिळालं होतं. ते आता हिसकावून घ्यायचं? तेही स्वतःला वाचवायला?  वेन्लाने बॅग भरली आणि ती रित्वाकडे राहायला गेली.

पुढचे नऊ दिवस ओर्वोक्कीने भट्टी पेटवली नाही. आहतीने सगळं ऐकून घेतलं, रागावला, मग तिची अवस्था पाहून स्वतःच बटाटे उकडायला लागला. मुलीला फोन कर, असं तो रोज म्हणायचा. ती म्हणायची, कुठल्या तोंडाने करू?

दहाव्या दिवशी दुपारी दार उघडलं. वेन्ला तळ्याला वळसा घालून पायी आली होती. गाल लाल, डोळे सुजलेले. कोट न काढताच ती समोर बसली.

"तू तिच्या दारात गेली होतीस?"

 वेन्लाने सांगितलं. काल जेवताना ती ओर्वोक्कीबद्दल वाटेल ते बोलत होती, आणि रित्वाने अचानक चमचा खाली ठेवला. म्हणाली, माझ्याच्याने आता ऐकवत नाही, शपथ मोडते. चार वर्षं मी या गावात होते आणि तुझ्या दारात यायची माझी छाती झाली नाही. मला तिने पाठवलं. लंगडत आली होती.

"का नाही सांगितलंस मला?" वेन्ला पुढे झुकली. "मी एवढं बोलले, तरी गप्प बसलीस..."

"तुझी आई तुझ्यासाठी आपणहून आली, असं तुला वाटायला हवं होतं गं. लहानपणी किती दिवस खिडकीत बसायचीस तू." ओर्वोक्कीने पदरात काही मागावं तसे दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले होते. "आणि मग ते तुला खरंच वाटलं, तर मलाच सोसेना. मी वाईट वागले, वेन्ला. मला तिचा मत्सर वाटला. अजून वाटतो."

वेन्ला खुर्चीवरून उठली, खाली बसली आणि तिने ओर्वोक्कीच्या मांडीत तोंड खुपसलं. दोघी किती वेळ रडल्या याचा हिशोब राहिला नाही. आहती दारात आला, पाहिलं, आणि चुलीपाशी जाऊन पुन्हा बटाटे सोलत बसला.

त्याच आठवड्यात वेन्ला तिला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. गावातल्या म्हाताऱ्या बायका कमरेला तरंगणारा पट्टा बांधून तिथे पाण्यात उभ्याने धावतात. खुब्यावर भार येत नाही. ओर्वोक्कीला पोहण्याच्या कपड्यांत बाहेर यायची इतकी लाज वाटली की ती टॉवेल सोडेना. वेन्लाने तो तिच्या हातातून काढून घेतला, पट्टा बांधला आणि तिला पायऱ्यांवरून पाण्यात उतरवलं. आणि नवल... पाय चालले! दुखलं नाही. ती पाण्यात पावलं टाकत राहिली, धापा टाकत, लहान मुलीसारखी हसत, आणि वेन्ला तिच्या शेजारी, तिच्या गतीने.

तेवढ्यात तिला काठावर रित्वा दिसली. तिचा वर्ग नुकताच संपला होता. वेन्ला घरी परतल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रित्वा स्वतःहून आली नव्हती, हे वेन्लाला विसरता येत नव्हतं. आताही तिने रित्वाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. रित्वा हातात पट्टा धरून तशीच उभी राहिली. तिचं काटक अंग एकाएकी किती म्हातारं दिसत होतं!

ओर्वोक्कीच्या मनात आनंदाची एक उकळी आली. गोड, काळी, लाजिरवाणी. आता पोर माझी. एकटीची. फक्त गप्प राहायचं, पुढे चालत राहायचं.

ती चार पावलं तशीच चाललीही. मग थांबली.

"वेन्ला," ती म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं एकदाच. रोज ती आपल्या पायांनी आली."

 वेन्लाने मागे वळून पाहिलं. ओर्वोक्कीने कठडा धरला, आपलं जड शरीर ओढून बाजूला घेतलं, दोघींच्या मधे एका माणसाची जागा मोकळी केली, आणि काठाकडे पाहून म्हणाली, "ये रित्वा, उतर. पाणी गार नाही."