किल्ली ओनेडाच्या गळ्यात

"ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही," दुकानापुढच्या बाकावर ऐसपैस बसत हर्शल टॅकेट म्हणाला. "पण शपथेवर सांगतो."

मंडळी हसली. ओव्हरटाइमचा भोंगा ऐकून रुसून बसणाऱ्या खेचराची गोष्टही त्यानं शपथेवरच सांगितली होती. टोकाला बसलेली म्हातारी ओनेडा मात्र हसली नाही. मांडीवर टोप घेऊन ती शेंगांच्या शिरा काढत राहिली. गोष्ट तिच्याच घरची होती.

हर्शल तेव्हा शेरीफच्या हाताखाली डेप्युटी होता. त्याआधी निम्मं आयुष्य अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात कोळसा फोडण्यात गेलेलं. एका सकाळी ओनेडाचा फोन आला.

"हर्शल, असशील तसा ये! माझ्या नवऱ्याची औषधं कुणीतरी चोरतंय."

"कुठून, वहिनी?"

"तेच तर कळत नाही. गोळ्या कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात. तरी गुण नाही; कुणीतरी खऱ्या काढून खोट्या ठेवतंय."

तिचा नवरा एल्वुड हा हर्शलचा खाणीतला जोडीदार. कॅन्सर हाडांत उतरला होता. त्याचं विव्हळणं ओढ्यापलीकडे ऐकू जाई.

हर्शल पोचला तेव्हा एल्वुड अंधुक खोलीत चादर मुठीत आवळून पडला होता. उशाशी जुना पत्र्याचा डबा.

"ये. वर्दीत फार वाईट दिसतोस रे," तो दातओठ खात म्हणाला. "खाणीत निदान काळोख तरी होता."

हर्शल वाकला. एल्वुडच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मांजराच्या असाव्यात तशा मोठ्या झाल्या होत्या. तेवढ्यात त्याची मुलगी डार्ला आली आणि डबा उचलून निघाली. त्याच अंधुक खोलीत तिच्या बाहुल्या मात्र मोहरीएवढ्या.

हर्शलनं ओनेडाला कुलूप उघडायला लावलं. कुलपातली एक गोळी घेऊन तो गावातल्या औषधवाल्याकडे गेला. गोळी अस्सल निघाली. परत येऊन त्यानं ओनेडाला स्वयंपाकघरात गाठलं.

"गोळी कोण देतं?"

"मीच."

"तो गिळतो?"

"डोळ्यांदेखत. वर पाणी पितो, वर माझ्या हाताला नावं ठेवतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"या दुखण्याला हीच गोळी. हिनं निवांत पडेल म्हणाले. कुठलं निवांत!"

"तंबाखू?"

"सोडली. डॉक्टरांनी दटावलं त्याच दिवशी."

"मग तो थुंकायचा डबा?"

"डबा उशाशी नसला तर डोळा लागत नाही म्हणतो. डार्ला बिचारी न चुकता धुऊन ठेवते."

हर्शलनं टोपी काढली. मायलेकींना एल्वुडच्या खोलीत बसवलं.

"वहिनी, खाणीत सिगारेट चालत नाही. एक ठिणगी पडली की सगळे खलास. म्हणून आम्ही तंबाखू गालात धरायचो. हा पठ्ठ्या गालात गोळा ठेवून जेवायचा, पाणी प्यायचा, भजनं म्हणायचा. फोरमनला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. अशा माणसाला एक गोळी गालात धरायला काय कठीण?"

ओनेडाचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

"तंबाखू सोडलेल्याला थुंकायला डबा लागत नाही. आणि रिकामा डबा कुणी न चुकता धूत नाही. ही गोळी अफूच्या जातीची; हिनं बाहुल्या बारीक होतात, वहिनी. याच्या नाहीत. डार्लाच्या आहेत." तो एल्वुडकडे वळला. "चोर तूच, गड्या."

डार्ला भिंतीला टेकून खाली बसली. एल्वुडनं डोळे मिटले.

"वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलता उचलता पोरीची पाठ गेली. हीच गोळी दिली तिला. बरं वाटलं, मग आणखी दिली. आणि एक दिवस डॉक्टरनं एकदम बंद केली. न्हाणीघराच्या फरशीवर तडफडताना पाहिलीय मी तिला. तिच्या मैत्रिणीनं पेट्रोल पंपामागे कुणाकडून तरी घेतली. गाडीतच सापडली, ओठ निळे पडलेली." त्याला धाप लागली. "माझी गोळी निदान औषधाच्या दुकानातली."

"बाबा, मी मागितली नव्हती."

"नाही मागितलीस. पण रात्री तुझं कण्हणं ऐकायला मला कान नाहीत का?"

पकडायचं कुणाला? हर्शलनं व्यसन सोडवणाऱ्या केंद्राला फोन लावला. जागा नाही, पुढच्या महिन्यात विचारा. दुसरं केंद्र तर फोनच उचलेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "वहिनी, यापुढे गोळी दिल्यावर त्याचा गाल बोटानं तपासा."

त्या दिवशी एल्वुडनं गोळी खरोखर गिळली. कित्येक आठवड्यांनी ओढ्याकाठी शांतता झाली. तो झोपला, आणि दारात डार्ला अंगात कोट चढवून, पेट्रोल पंपाच्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

हर्शल थांबला.

"मग त्या पोरीचं काय झालं?" बाकावर नव्यानंच येऊ लागलेल्या एकानं विचारलं.

शेरीफच्या माणसाला न शोभणारी चोरटी नजर हर्शलनं एकदा ओनेडाच्या टोपातल्या शेंगांकडे टाकली.

"डार्ला ना? बरी झाली की! ओहायोला गेली, बेकरी काढली. तिचे पाव इतके हलके, इतके हलके, की दुकानाचं छप्पर उचललं जायला लागलं. शेवटी दोरखंडानं बांधून..."

मंडळी खदखदून हसली. ओनेडाची बोटं थांबली.

"खोटं," ती म्हणाली. "हलकी होती ती तिची शवपेटी, हर्शल. उचलायला तू पुढे होतास."