आ लुमच्या नावाचा अंगठा

उद्या एतुआते पागो पागोला, पलीकडच्या अमेरिकन सामोआत, जायच्या परवान्यासाठी अंगठा द्यायला निघालाय, म्हणून आज हीच गोष्ट. त्याला वाटतं, काचेवर बोट टेकवलं की झालं काम. टेकव बाबा. पण आधी ऐक. आणि तालिया, तो फोन उपडा ठेव, उजेड डोळ्यांवर येतो.

ही गोष्ट लाफाईची. मी बस चालवायचो तेव्हा तो मागच्या दाराशी उभा राहून माणसं चढवायचा. त्याआधी तो पोलिसात होता, गोऱ्यांच्या राज्यात. तिथंही कामं तीच, फक्त माणसं जहाजात चढवायची. एवढाच काय तो फरक.

सन सहासष्ट, एकोणीस ऑगस्ट, शुक्रवार. शेवटची फेरी संपल्यावर लाफाई बहिणीकडे गेला आणि आईची बारीक विणीची चटई मागून आणली. लग्नाला नि मयताला काढतात, ती. मी विचारलं, "काय रे, बार कुणाचा उडतोय?"

"चटईखाली बसायचंय," तो म्हणाला.

तुम्ही पोरांनी हे फारसं पाहिलेलं नाही. मोठा अपराध केलेला माणूस उजाडायच्या आत जातो, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात चटई डोक्यावरून ओढून बसतो. घरच्यांनी चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर... आमच्या लहानपणी कोयता दाराशी टेकवलेलाच असायचा.

त्याला बसायचं होतं फुआतिनोच्या दारात. फुआतिनोचा नवरा आ लुम, चिनी मजूर. सरकार त्याला नवरा म्हणायला तयार नव्हतं. चिन्याने सामोअन बाईशी संसार करायचा नाही असा कायदाच होता मेल्यांचा! राबायला चिनी हवा, राहायला नको. मुदत भरली की जहाज. अठ्ठेचाळीस साली लाफाई त्याला घरातून उचलायला गेला, तेव्हा आ लुम खांद्यावर पाण्याची कावड घेऊन कांद्याच्या वाफ्यात उभा होता. त्याने कावड उतरवली, भिंतीला नीट टेकवली आणि बायकोला म्हणाला, "मी येतो परत. यांना विचारून येणार नाही."

जेटीवर कागद पुढे केला. 'मी राजीखुशीने जात आहे.' खाली अंगठ्याची जागा. आ लुमने मूठ मिटली. तीन पोलिसांना ती उघडता आली नाही. साहेब घड्याळ बघत होता. शेवटी बावीस वर्षांच्या लाफाईने शाई घेतली आणि स्वतःचा अंगठा उठवून दिला.

तीन वर्षांनी हाँगकाँगहून निरोप आला, आ लुम गेला. फुआतिनोने दारासमोर त्याची कबर बांधली. रिकामीच. घरच्या माणसाची कबर घरासमोर असते ना, तशी. "आता याला चढवा बघू जहाजात!" असं म्हणाली ती सरकारी माणसाला तोंडावर. पण गाव तिला हिणवायचंच, "तुझा चिनी राजीखुशीने गेला गं. अंगठा आहे त्याचा." अठरा वर्षं ऐकत होती ती. ते ऐकून ऐकून लाफाईचीच झोप गेली होती.

तर रात्री अडीचला तो तिच्या दारात पोचला. चंद्र केव्हाच मावळलेला. कबरीच्या शेजारी गवतात बसला, चटई डोक्यावरून घेतली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कोण बसलंय?"

"मी लाफाई. पोलीस होतो तो. बाई, कागदावरचा अंगठा माझा होता. त्याने मूठ उघडली नव्हती."

आत दिवा लागला. दार किलकिलं झालं.

"मला माहीत होतं," फुआतिनो म्हणाली. "मला एकटीलाच माहीत होतं. रविवारी चर्चपुढे उभा राहून सगळ्या गावाला सांगशील?"

"सांगेन."

"सांग. पण चटई मी उचलणार नाही. बस तसाच. त्याच्या नावाने अंगठा दिलास ना? मग तो अंगठा त्याचा झाला. त्याचं तो येऊन घेऊन जाईल."

दार लागलं. दिवा विझला.

लाफाई बसून राहिला. समुद्राचा आवाज येत होता, गावातली कुत्री भुंकत होती. आपली कुत्री तुम्हाला ठाऊक आहेत, पाद्रीबुवांनाही सोडत नाहीत.

मग ती गप्प झाली. सगळी. एकदम.

रस्त्यावर काहीतरी करकरलं... थांबलं. पुन्हा करकरलं.

कावड.

लाफाईने ऐकलं. दोन बादल्या. भरलेल्या. पाणी हिंदकळतंय. चाल संथ, ओझं पेलणाऱ्या माणसाची. फाटकातून आत. वाफ्याकडे. पाणी ओतलं... एक बादली. दुसरी.

मग पावलं त्याच्याकडे वळली.

"बाई..." तो म्हणाला.

ओल्या मातीचा वास. कांद्याच्या पातीचा वास. चटईच्या कडेखाली दोन पाय. अनवाणी. ओले.

कुणीतरी उकिडवं बसलं. त्याचा उजवा हात धरला. लाफाईने मूठ मिटली, घट्ट, जीव खाऊन... ती उघडली. अगदी सहज. लहान मुलाची उघडावी तशी. अंगठ्यावर एक अंगठा दाबला गेला. थंड. बराच वेळ.

चटई उचलली गेली.

समोर कुणी नव्हतं. पूर्वेला फटफटत होतं. चटई चार घड्या घालून कबरीवर ठेवलेली. दारात फुआतिनो उभी, हाताची घडी घालून.

"मी नाही उचलली," ती म्हणाली. आणि हसली. अठरा वर्षांत पहिल्यांदा! "परवाना काढून आला असेल का रे, पोलिसा?"

रविवारी लाफाई चर्चपुढे उभा राहिला आणि सगळं बोलला. त्यानंतर फुआतिनोला हिणवायची कुणाची छाती झाली नाही.

पुढे त्याचा मुलगा ऑकलंडला गेला, बापाला बोलावून घेत होता. लाफाई परवान्याला गेला. तीनदा शाई लावली, तिन्ही वेळा नुसता काळा ठिपका. कारकून वैतागला, "अंगठा कुणाचा घेऊन आलात?" लाफाई उठला आणि घरी आला. ज्याने दुसऱ्याला बेटाबाहेर घालवलं, तो स्वतः कधी बेटाबाहेर गेला नाही.

एतुआते, हसू नकोस. एक्क्याण्णव साली तो वारला, तेव्हा त्याला आंघोळ मी घातली. या हातांनी. त्याची बोटं एकेक करून पुसली. नऊ बोटांवर रेषा होत्या, तुझ्यामाझ्यासारख्या.

दहाव्यासाठी मी दिवा जवळ नेला...

ओल्या गोट्यासारखा गुळगुळीत.