गुरुवारची शांतता

हेडफोनमध्ये कुणीतरी काहीतरी चावत होतं.

रावेतच्या नदीकाठी, बंद पंपघराच्या सावलीत मी टेपरेकॉर्डर मांडून बसले होते. पवनेचं पाणी संथ, वारा पडलेला, आसपास चिटपाखरू नाही... आणि कानात मात्र कट्, कुडुम्, कट्. उंदीर असेल म्हणून मी माईक हातात धरून आवाजाच्या मागावर निघाले. पंपघराला वळसा घातला, तर पलीकडच्या भिंतीला टेकून एक उंच, सावळा तरुण पाय पसरून हरभऱ्याचे घाटे सोलून खात बसला होता. शेजारी सायकल आडवी टाकलेली.

"तुम्ही जरा न चावता बसाल का?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं, माईककडे पाहिलं. हरभरा तसाच गालात ठेवून म्हणाला, "रेडिओवाल्या हायत का तुम्ही?"

"नाही. शांतता रेकॉर्ड करतेय."

"त्याला मशीन कामून लागतंय? शांतता तर फुकट हाय."

"पिंपरीत मिळते का बघा फुकट."

त्यानं मूठभर घाटे माझ्यापुढे धरले आणि मी ते घेतले. अनोळखी माणसाकडून काही घेऊन खायचं नाही हे आईनं लहानपणापासून बजावलेलं, पण हरभरा कोवळा होता, आणि देणाऱ्याचे डोळे... असो. डोळ्यांचं नंतर सांगते.

मी कस्तुरा ओव्हाळ. नाव आजीचं, हट्ट वडिलांचा. वडील साहेबराव पिंपरीत औषधांच्या कंपनीत कामाला. आमच्या चाळीतले बिघडलेले रेडिओ मी शाळेत असल्यापासून उघडत आले. त्यातले काही दुरुस्तही व्हायचे. मॅट्रिक झाल्यावर आई म्हणाली, आता शिवणकाम. वडिलांनी मात्र मला सायकलवर मागे बसवलं आणि थेट चिंचवडला सयाजी सरांकडे नेलं. त्यासाठी मी त्यांना कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात वडिलांना कुणी धन्यवाद देतं का? म्हणून इथं देते.

सयाजी सर अर्धं आयुष्य मुंबईच्या स्टुडिओंत काढून गावी परतलेले. रेडिओच्या दुकानामागच्या खोलीत ते ध्वनिमुद्रण शिकवायचे. माईक कुठं ठेवायचा, टेप ब्लेडनं कशी कापायची, पुन्हा कशी जोडायची. वर्गात सगळे मुलगे आणि मी. पहिल्याच आठवड्यात सरांनी काम दिलं, की प्रत्येकानं एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करून आणा. मुलगे हसले. सर म्हणाले, प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. एखाद्याचं भाषण कापून जोडलंत, की त्या सांध्यात त्याच जागेची शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याचा कान ठेचकाळतो.

आता आमच्या भागात शांतता आणायची कुठून? प्रेस, लेथ, भोंगे, मुंबई रस्त्यावरचे ट्रक. पण गुरुवारी वीजकपात. म्हणून साऱ्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. कारखाने बंद, वीज नाही म्हणून सरांचा वर्गही बंद, आणि त्यांचा बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर मोकळा. तो खांद्याला अडकवून मी गुरुवारी रावेत गाठायची.

आणि घाटे खाणाऱ्याचीही सुट्टी गुरुवारचीच.

त्याचं नाव उद्धव खंदारे. परभणीकडचा. आकुर्डीला स्कूटरच्या कंपनीत अप्रेंटिस. खोलीवरचे मित्र सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटत आणि भांडत, म्हणून हा सायकल काढून नदीवर यायचा. पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा घाटे नव्हते. त्यानं स्वतःची नेमणूक शांततेच्या राखणदारीवर करून घेतली होती. मी रेकॉर्डर सुरू केला, की हा वाटेवर जाऊन बैलगाडी थांबवायचा, म्हशी वळवायचा. एकदा धुणं धुणाऱ्या बाईला त्यानं इतक्या अदबीनं विनंती केली, की ती धुणं सोडून आमचीच चौकशी करत बसली. कुठले तुम्ही, किती दिवस झाले लग्नाला? मी रेकॉर्डरच्या बटणांत डोकं घातलं. उद्धव म्हणाला, "अजून न्हाई झालं, मावशी." त्यातला 'अजून' मला आठवडाभर पुरला.

टेपचं स्पूल फिरत असताना एक शब्द बोलायचा नाही, हा माझा नियम. समोरासमोर बसायचं आणि गप्प राहायचं. तो भुवया उडवायचा, मी डोळे मिटून घ्यायची. ऐकण्यासाठी डोळे मिटावे लागतात, असं मी त्याला सांगितलं होतं. ते अर्धं खरं होतं. पण हेडफोनमध्ये सगळं फार जवळ येतं. शर्टाची सळसळ, बोटांनी गवताची काडी मोडणं, श्वास. डोळे मिटून काही फायदा नव्हता, उलट तो आणखी जवळ यायचा. हे मी सरांना सांगितलं नाही.

"एवढी शांतता साठवून करणार काय?" त्यानं एकदा विचारलं.

"लग्नात वाजवणार."

"कुणाच्या?"

मी हेडफोन कानाला लावले.

मग एक जागा निघाली. मुंबईच्या एका स्टुडिओला शिकाऊ ध्वनिमुद्रक हवा होता. एकच. दोन वर्षं तिथं राहून शिकायचं, मग कायम. परीक्षेला येताना एका माणसाचं बोलणं स्वतः रेकॉर्ड करून, कापून, जोडून आणायचं. सरांनी आमच्या वर्गातून माझं एकटीचं नाव पाठवलं. घरी आईनं तळेगावचं स्थळ आधीच हेरून ठेवलेलं. वडील हळू आवाजात म्हणाले, "कस्तुरा, एवढं जमव. नाही जमलं तर तुझ्या आईपुढं माझं काही चालायचं नाही."

उद्धवला हे सांगितलं तेव्हा त्यानं पाण्यात एक खडा भिरकावला. मग म्हणाला, "मग तयारी करू की." आणि खरंच केली. माझी पाठ फिरवून मला बसवायचा आणि मागे काहीतरी वाजवायचा. पत्रा, वीट, सायकलचा रिम, रिकामा डबा, भरलेला डबा. मी ओळखायची. चुकले तर पुन्हा. त्याच्या हक्काच्या सुट्ट्या त्यानं माझ्या कानांवर खर्च केल्या. त्या काळात मला कुणी एवढं लक्ष देऊन शिकवलं असेल तर सरांनंतर त्यानंच, आणि त्याला तर त्यातलं काही येतही नव्हतं.

परीक्षेसाठी बोलायला मी त्यालाच बसवलं. विषय, इथला पहिला दिवस. परीक्षा शनिवारी, त्याआधीचा हा शेवटचा गुरुवार. सरांनी एकच स्पूल दिलेलं, तेही अर्धं वापरलेलं.

तो बोलला. अडखळत, थांबत बोलला, पण छान बोलला. कंपनीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा आवाजानं छातीत कसं धडधडलं. तिथं बिल्ल्याचा नंबर पुकारतात. गावाकडं दिवसातून कितीदा तरी कुणी ना कुणी नावानं हाक मारायचं, इथं दिवसच्या दिवस नाव कुणी घेतलं नाही. "...मग एका गुरुवारी कुणीतरी माझं नाव विचारलं," तो म्हणाला, आणि थांबला.

मी हातानं खूण केली, आता शांतता. सांध्यांसाठी एक मिनिट. तो मान हलवून बसून राहिला.

मी आवाज वाढवून ऐकू लागले. पाणी, दूरवर घुमणारा एक होला... आणि उद्धव. श्वास घशापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. आवंढा. पुन्हा श्वास, पुन्हा अडणं. मी डोळे उघडले. समोर बघाल तर गडी निवांत नदी बघत बसलेला. पण कानात मला कळत होतं, की ह्याच्या ओठांशी काहीतरी आलंय आणि हा ते शनिवारपर्यंत बाहेर पडू देणार नाही. माझा पाय अडकू नये म्हणून.

मीच माझा नियम मोडला. "उद्धव, बोला."

त्यानं फिरणाऱ्या स्पूलकडे बोट दाखवलं.

"फिरू द्या. बोला."

"कस्तुरा..." तो म्हणाला. "मला म्हणायचं होतं, जाऊ नको. लई गुरुवार झाले, तेच म्हणायचं होतं. पण ते... ते बरोबर न्हाई. तू जा. चांगलं शिक. फक्त माघारी येशील तवा... माझ्याकडं ये. मला तू लई आवडतीस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे त्याला कळलंही नव्हतं. मला कळलं होतं.

"येईन," मी म्हणाले.

एवढ्यात टेप संपली. सुटलेलं टोक स्पूलवर फट् फट् आपटू लागलं.

आम्ही दोघं हसलो. मग मी हसायची थांबले. टेप संपली होती आणि शांतता मिळालीच नव्हती. शांतता नाही तर सांधे नाहीत, सांधे नाहीत तर शनिवार नाही. दुसरं स्पूल नव्हतं. उद्या शुक्रवार, कारखाने सुरू. आता एकच करता येत होतं, टेप मागं घेऊन त्याच जागेवर शांतता रेकॉर्ड करायची. म्हणजे त्याचं ते सगळं बोलणं पुसायचं. माझं 'येईन'सुद्धा.

मी टेप मागं घेतली. बटणावर बोट ठेवलं आणि तशीच बसले.

"पूस की," तो म्हणाला.

"हे परत मिळायचं नाही."

"मी कुठं चाललोय? परत म्हणतो. म्हणशील तवा म्हणतो. गुरुवार मात्र मावळायला लागलाय."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ दिलं. पण आपल्या मनातलं सगळ्यात अवघड असं एकदाच बोललेलं, ते इतक्या सहज पुसू देणारा माणूस मला तेवढाच भेटला. त्या उपकाराची फेड मी केलेली नाही आणि करायची इच्छाही नाही.

मी बटण दाबलं. उन्हं कलली होती. तो समोर बसला होता, भुवया न उडवता. ह्या वेळी श्वास कुठं अडला नाही.

शुक्रवारी सरांच्या खोलीत बसून मी कापाकापी केली, आणि शनिवारी वडिलांबरोबर मुंबईला गेले. स्टुडिओत पिकल्या केसांचे एक गृहस्थ परीक्षा घेत होते. त्यांनी माझी टेप ऐकली. मग सांध्यांपाशी थांबून मागं घेतली, पुन्हा ऐकली. शेवटी उरलेली शांतता मी तशीच जोडून ठेवली होती. तीही त्यांनी पूर्ण ऐकली, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून.

"बाकीच्यांनी सांध्यात कोरी टेप घातलीय," ते म्हणाले. "ही तुम्ही कुठून आणलीत?"

"तिथलीच आहे, सर. बोलून झाल्यावर लगेच घेतलेली."

"कितीजण होते तिथं?"

खोटं बोलायची सोयच नव्हती. "दोघं," मी म्हणाले.

"ऐकू येतंय," ते म्हणाले, आणि कुणाला तरी हाक मारून माझ्या राहण्याच्या सोयीचं विचारायला लागले.

बाहेर आले तर वडील चहाच्या टपरीपाशी, पाठमोरे. आणि रस्त्याच्या कडेला, कडक इस्त्रीच्या शर्टात उद्धव. शनिवारचा खाडा करून आला होता. त्याला पत्ता कुणी दिला हे मी अजून विचारलेलं नाही, पण माझा संशय सयाजी सरांवर आहे.

"काय झालं?" त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"झालं. मिळाली."

त्याचे डोळे भरून आले. हेच ते डोळे. मघाशी सांगायचे राहिले होते, आता काय सांगू? माझेही भरले होते, मला नीट दिसलेच नाहीत.

"मी म्हणेन तेव्हा परत म्हणतो, म्हणाला होतात," मी म्हणाले. "म्हणा."

"हितं?" त्यानं वडिलांच्या पाठीकडे पाहिलं. मग खाली मान घालून, अगदी पुटपुटत म्हणाला. नेमकी तेव्हाच दुमजली बस धडधडत गेली.

"काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

त्यानं एक मोठा श्वास घेतला. "मला तू लई आवडतीस, कस्तुरा," तो असा म्हणाला, की चहावाल्याचा हात किटलीवरच थांबला.

वडील सावकाश वळले. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. त्यांनी उद्धवला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उद्धवनं घाईनं हात जोडले, "जय भीम, मामा."

"जय भीम," वडील म्हणाले. मग स्वतःचा ग्लास त्याच्या हातात दिला. "गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

उद्धव गावाचं, घराचं, भावंडांचं सांगायला लागला. चहा हिंदकळून त्याच्या बोटांवर सांडत होता, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मी दोघांच्या मध्ये उभी राहून ऐकत होते, आणि ज्या कानांच्या जोरावर नुकतीच मला नोकरी मिळाली होती, त्या कानांना त्याचं मघाचं पुटपुटणं बसच्या धडधडाटातसुद्धा पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं.