मोगऱ्याला बांधलेली शेपूट

"आजोबा, मी फोन लावला. त्या यंत्राने उचललाही. पण ते नुसतं किंचाळतंय!"

"किंचाळत नाही गं, बोलतंय," आजोबा शांतपणे म्हणाले. मला त्यांच्या शांतपणाचा भयंकर राग आला.

राग येणार नाही तर काय? सन २०४१. गेल्या आठवड्यात वाघुर्डे घाटात दरड कोसळली. रस्ता बंद झाला आणि खालच्या वाडीतली बत्तीस कुटुंबं शाळेत राहायला आली. माझी मैत्रीण शेवंतीही त्यांतच होती. घाटातल्या डोंगराला एक भेग आहे. माझी मेधाआजी भूगर्भशास्त्रज्ञ होती. ती भेग रोज मोजणारं यंत्र तिने तिथे बसवलं होतं. त्या मापांवरूनच कळणार होतं, की वाडीत परत जाणं सुरक्षित आहे की नाही. पण यंत्राची सौरपाटी दरडीखाली गेली होती आणि बॅटरी जेमतेम संध्याकाळी पाचपर्यंत पुरणार होती. ती संपली की सगळी मापं पुसली जाणार. आणि आता वाजले होते दोन!

"टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो," आजोबांनी सांगितलं. "म्हणून यंत्र आकड्यांचे आवाज करून पाठवतं. त्या आवाजांचे पुन्हा आकडे करायला हवा मोडेम (आकडे आणि आवाज यांच्यातला दुभाषा). आजीच्या या लॅपटॉपमध्ये तो आतच बसवलेला आहे. घरात असताना बाहेर कशाला शोधा!"

बरं. जोडली तार. लॅपटॉप म्हणाला, मोडेम सापडत नाही. पुन्हा जोडली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तार उलटसुलट केली. काही नाही. असे दीड तास गेले.

शेवटी आमचा यंत्रमानव टापटीप नम्रपणे म्हणाला, "साहेब, दिवाळीच्या सफाईत मी या लॅपटॉपमधल्या चारशे बारा निकामी फायली काढून टाकल्या होत्या. त्यांत 'मोडेम' नावाच्या काही होत्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. आजोबा काही फेकत नाहीत आणि टापटीप काही ठेवत नाही!

"पण मोडेम तर आत आहे ना? फायलींचं काय एवढं?" मी चिडून विचारलं.

"आपल्याकडे लग्नाला आचारी येतो," आजोबा म्हणाले. "एक येतो हात हलवत. पातेली तुमची, विळी तुमची, चिरायचंही तुम्हीच. हा आतला मोडेम तसला आहे. आवाज ओळखण्याचं खरं काम तो लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून (गणितं करणाऱ्या मुख्य भागाकडून) करून घेतो, आणि ते कसं करायचं हे त्या फायलींत लिहिलेलं होतं. दुसरा आचारी आपलं सगळं सामान घेऊन येतो. तो म्हणजे कार्ड मोडेम. बाजूच्या खाचेत सरकवायचा. आजीच्या कार्डात स्वतःची चिप आहे, ती सगळं काम स्वतः करते. लॅपटॉपने फक्त नंबर सांगायचा."

"मग तो कार्ड मोडेम कुठाय?"

"तो काय, 'उपयोगी पडेल' डब्यात!"

आजोबांच्या त्या जुन्या सटरफटर सामानाच्या डब्यात कार्ड सापडलं. पण ते इतकं चपटं, की त्यात टेलिफोनची पिन जाईना. त्यासाठी त्याला एक छोटी तार लागते, शेपटीसारखी. ती डब्यात नव्हती.

"आतल्या मोडेमचं हे एक बरं असतं," आजोबा पुटपुटले. "त्याची शेपूट हरवत नाही."

"आजोबा, सव्वाचार झाले! आठवा!"

आजोबांची नजर हळूच गॅलरीकडे गेली. तिथे मोगऱ्याचा वेल गजाला बांधला होता. काळ्या तारेने.

मी धावत जाऊन गाठी सोडवल्या, तार पुसली, कार्डाला लावली. लॅपटॉपने कार्ड लगेच ओळखलं. नंबर फिरला. तेच किंचाळणं, मग आमच्याकडूनही किंचाळणं, मग खरखर आणि एकदम शांतता. पडद्यावर रोमन अक्षरांत आजीचं मराठी उमटलं, यंत्र बसवताना तिने लिहून ठेवलेलं.

"विद्याधर, तार सापडली वाटतं. पुन्हा तिने काही बांधू नकोस. मेधा."

आजोबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

मापं एकेक ओळ करत आली. शेवटची आली चार सत्तेचाळीसला. दोन मिनिटांत संपर्क तुटला, तो कायमचा. भेग पूर्वी दर पावसाळ्यात थोडी रुंदावायची, पण गेली सहा वर्षं, अगदी दरड पडली त्या दिवशीसुद्धा, ती केसभरही हलली नव्हती. आजोबांनी आकडे लगेच तपासणी पथकाला पाठवले. पथकाने होकार दिला आणि त्यानंतर नवव्या दिवशी शेवंती घरी गेली.

तिथे आता नवं यंत्र बसणार आहे. त्याची पहिली ओळ मी लिहिणार आहे, आणि ती वाचायला काय काय लागेल याची चिठ्ठी डब्यावर चिकटवणार आहे. मोगरा सुतळीने बांधलाय. परवा टापटीपने विचारलं, "ही काळी तार फेकू?"

आम्ही दोघंही एकदमच ओरडलो.