'इतर' नावाची फरशी

"पुडी मेलीय याची," तबल्याच्या चामड्यावर बोट आपटत श्रीरंग कुरकुरला. "परवाच बदलली, तरी 'ना'चा बोल बद्द लागतोय."

"मग टाक पुन्हा दुरुस्तीला. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात राहून तबल्यासाठी कसला रडतोस!" ऋजुताने नवऱ्याच्या उजव्या दंडावरची मधुपट्टी नीट दाबून बसवली आणि ती कामाला निघाली.

ही पट्टी आल्यापासून मधुमेहाच्या गोळ्या-सुया घरातून हद्दपार झाल्या होत्या. हाताच्या हालचालीवरच ती चालायची आणि कातडीतून औषध सोडायची, त्यामुळे बॅटरीची कटकट नव्हती.

पट्टी वापरणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राची ऋजुता प्रमुख होती. तिथल्या काचेच्या टेबलावर फरशीचित्रं पसरलेली असत. गट जेवढा मोठा, तेवढी त्याची फरशी मोठी. वयाचं एक चित्र, कामाचं एक, तक्रारींचं एक. एका चित्रातल्या फरशीला बोट लावलं की तीच माणसं बाकीच्या चित्रांतही उजळत.

"मॅडम, हे बघा," नौशादने हाक मारली. तो केंद्रात नवा होता आणि नको तिथे बोट घालायची त्याला भारी हौस. त्याने 'कमी ऐकू येतं' या चिमुकल्या फरशीला बोट लावलं. कामाच्या चित्रात शेतकरी, शिक्षक, चालक सगळे मंदच राहिले. उजळली ती फक्त 'इतर'ची एक कड.

"'इतर' म्हणजे भेळ रे. तिच्यातून काय कळणार?"

"पण भेळ केली कुणी?"

ऋजुताला हसू आलं. तिनेच केली होती. मूठभर माणसांचे गट चित्रात काड्यांसारखे दिसतात, डोळ्यांना खुपतात. ते 'इतर'मध्ये ढकलून द्यायचे, हा तिचाच नियम. चित्र किती देखणं, म्हणून बैठकीत तिची वाहवाही झाली होती.

"फोडू?" नौशादने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

'इतर'च्या काड्या झाल्या. पुजारी, शिंपी मंदच राहिले. लोहार उजळले. पाथरवट उजळले. आणि कोपऱ्यातली एक काडी टोकापासून टोकापर्यंत पेटली. तबलावादक.

"दिवसभर हात आपटणारी माणसं, मॅडम," नौशादचा आवाज उतरला. "पट्टी थांबतच नसणार. औषध नुसतं पाझरतंय, आणि ते कानाच्या नसा खातंय."

ऋजुताला सकाळचा श्रीरंगचा तबला आठवला. पुडीला काहीच झालेलं नव्हतं. आणि सकाळी ती पट्टी आपण दाबून बसवली, आपल्याच हातांनी! तिने फोन लावला.

"श्रीरंग, पट्टी काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

"अगं, तुझा आवाज खोल विहिरीतून येतोय. थांब, आधी हे ऐक. नवी कोरी पुडी बसवून आणलीय."

फोनमधून 'ना' उमटला. घंटेसारखा लख्ख. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या नौशादलाही तो स्वच्छ ऐकू आला.

ऋजुता जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"बघ," पलीकडून श्रीरंग हताशपणे म्हणाला, "अजूनही बद्दच. ऐकलंस?"