भाव विचारणारा माणूस

पोळ्याच्या आदल्या दिवशी आदिलाबादच्या बाजारात मातीच्या बैलांवरून चैत्रालीची एका अनोळखी माणसाशी गाठ पडली, आणि पहिल्याच भेटीत तिला त्याचा संशय आला.

टोपलीत एकच जोडी उरली होती. लाल झूल, पिवळी शिंगं, एका बैलाचा डोळा जरा तिरका. चैत्रालीने हात घातला, तेवढ्यात पलीकडून एक सावळा, लांब बोटांचा हात आला. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"घ्या तुमी," तो म्हणाला. "मले नुसता भाव विचारायचा होता."

"घ्यायचंच नाही, तर भाव काऊन विचारता?"

"सवय हाय."

त्याने खरंच भाव विचारला. विकणाऱ्या म्हातारीने दीडशे सांगितले. घासाघीस नाही, कुरकुर नाही. गडी समाधानाने मान डोलावून बाजूला झाला आणि फोनवर अंगठा फिरवू लागला. फोनकडे पाहून गालातल्या गालात हसला. हसू मोठं गोड होतं, हीच तर पंचाईत. चैत्राली बैल घेऊन घरी आली, पण डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा फोनवर कळवत होता कोणाला?

दोनच दिवसांनी तो तिला भीमपूरच्या बसमध्ये भेटला. त्याचं नाव आलोक. मूळचा भैंशाचा, वीज खात्यात सब-इंजिनिअर, नुकताच भीमपूरच्या सबस्टेशनवर बदलून आलेला. राहायला आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, म्हणजे चैत्रालीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ती भीमपूरच्या बँकेत होती. त्यामुळे जाणं-येणं एकाच बसने, आणि बस गच्च भरली की एकाच दांड्याला धरून.

एके दिवशी कंडक्टर तेलुगूत "जरगंडी, जरगंडी" करत सगळ्यांना पुढे ढकलत होता, तेव्हा आलोक तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता सरकारी बसमंधी बायकायले तिकीट नाही. तुमचं रोजचं भाडं वाचते. ते टाकता कुठं?"

चैत्रालीने केस मागे सारले. झुमके हलले. "इथं."

तो झुमक्यांकडे पाहतच राहिला. जरा जास्तच वेळ.

"जागा चांगली निवडली," तो हळूच म्हणाला, आणि झुमक्यांचा भावसुद्धा विचारला. त्यानंतर फोन निघाला तो निघालाच.

आता चैत्रालीबद्दल सांगायला हवं. दिवसभर ती लोकांना मुदत ठेवीचे फायदे पटवायची आणि स्वतःचा पगार सणासुदीला उडवायची. लोक तिला उधळी म्हणत. पण तिने घरात जे पाहिलं होतं ते लोकांना कुठे ठाऊक! तिचे वडील अनंतराव तहसिलीतून रिटायर झालेले. पेन्शनला ते अजून जुन्या काळासारखं वजीफा म्हणत. साऱ्या नोकरीभर त्यांचं एकच पालुपद होतं: वजीफ्यावर आलो की करू. सणाला पुरणपोळी मोजून, कपड्यांचा एकच जोड, प्रवास तर नाहीच. मग वजीफा सुरू झाला, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना मधुमेह सांगितला. आईला एकदा समुद्र पाहायचा होता, पण आता तिचे गुडघे घराची पायरीही चढू देत नाहीत. दर सणाला भरल्या ताटासमोर बाबा भाकरीचा तुकडा मोडत आणि चैत्राली ते पाहायची. काही झालं तरी असल्या माणसाशी लग्न करायचं नाही, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकं मन गेलं ते या भाव विचारणाऱ्यावर.

गणपतीच्या दिवसांत बसस्टँडवर गजरेवाली बसली होती. चैत्राली कोणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "काय वास सुटला बाई मोगऱ्याचा..."

आलोक थांबला. त्याने भाव विचारला. तीस. त्याने गजऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या वेणीकडे पाहिलं, मग पुन्हा गजऱ्याकडे. चैत्रालीने वेणी पुढे घेतली. आणि या गड्याने खिशातून पाकीट नाही, फोन काढला. अंगठा फिरला. हसू आलं. "चला, बस लागली."

ही गोष्ट तिने बँकेतल्या मैत्रिणीला, सुनयनाला सांगितली. सुनयना कॅश काउंटरवर बसायची आणि नोट असो की माणूस, उजेडात धरून पाहिल्याशिवाय खरं मानायची नाही.

"बायको हाय त्याची भैंशाले," तिने निकाल दिला. "तिले विचारते तो, गजरा घेऊ काय म्हणून. अन् बायको म्हणते, नको."

"काहीतरीच तुझं!"

"मंग तूच सांग. सणाच्या दिवशी कधी दिसला काय तो? पोळ्याले नाही, गणपतीले नाही. ड्युटी हाय म्हणते. अशी कशी बाई ह्याचीच ड्युटी सणाले?"

चैत्रालीच्या मनात पाल चुकचुकली. ती रात्री आरशासमोर झुमके काढताना चुकचुकली, सकाळी बसमध्ये त्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली तेव्हाही चुकचुकली. पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं. पण जागेवर बसायला मात्र ती कधी चुकली नाही.

शेवटी तिनेच त्याला भुलाबाईच्या गाण्यांना घरी बोलावलं. घरी आला म्हणजे चारचौघांच्या नजरेपुढे तरी येईल, हा हिशेब. गल्लीतल्या पोरींनी गाणी म्हटली आणि मग खिरापत ओळखायचा खेळ सुरू झाला. डबा बंद, आत काय आहे ते नुसतं हलवून ओळखायचं. पोरी चिवडा म्हणाल्या, लाडू म्हणाल्या, सगळ्या हरल्या. आलोक दाराशी उभा होता. त्याने डबा कानाशी धरून एकदाच हलवला, चैत्रालीकडे पाहिलं आणि म्हणाला, "शंकरपाळे. खारे. गोड कशाचे करान तुमी मले?"

पोरी खिदळल्या. चैत्रालीचे कान तापले. पण पुढच्याच क्षणी त्याने अनंतरावांना विचारलं, "काका, हे बाहेर काय भावानं पडले असते?"

अनंतराव खूश! सणाच्या घरात भाव विचारणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. साठ तरी, असं ते म्हणाले. आलोकने कोपऱ्यात जाऊन फोनवर अंगठा फिरवला.

तो गेल्यावर अनंतराव म्हणाले, "पोरगा हुशार हाय. लग्नाच्या आधीच वजीफ्याचा इचार करते."

"तुमाले काय माहीत?"

"त्याच्या बोलण्यावरून समजते."

झालं! चैत्रालीला आता बाबांचाही संशय येऊ लागला. हा भेटला तो योगायोगाने, की बाबांनीच पाठवला?

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येणार का, म्हणून तिने विचारलं, तर उत्तर ठरलेलंच. ड्युटी हाय.

"बरं," ती म्हणाली. मनात मात्र म्हणाली, बघतेच.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिने फराळाचा डबा भरला, घरी सुनयनाचं नाव सांगितलं आणि भीमपूरची बस पकडली. डबा म्हणजे निमित्त. तिला बघायचं होतं की तो तिथे आहे का. नसला, तर गेला भैंशाला, गेला बायकोकडे, आणि विषय संपला. बसच्या खिडकीतून वेचणीला आलेली कपाशी पांढरी दिसत होती आणि चैत्रालीला राहून राहून रडू येत होतं. तो तिथे नसावा असं तिला वाटत होतं, म्हणजे सुटका होईल... आणि तो तिथे असावा म्हणून तिने हातातल्या डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं.

तो होता. सबस्टेशनच्या कंट्रोल रूमबाहेर खुर्ची टाकून एकटाच बसलेला, मागे ट्रान्सफॉर्मरची घरघर. तिला पाहून तो ताडकन उठला.

"तुमी? इथं? आज?"

"पाहाले आली."

"काय?"

"भैंशाची बायको."

"कोणाची बायको?"

"तुमची! तिलेच विचारता न सारं फोनवर? गजरा घेऊ काय, बैल घेऊ काय..."

आलोक आधी बघत राहिला. मग असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. चैत्राली हसली नाही. तेव्हा त्याने हसू आवरलं.

"बायको नाही," तो म्हणाला. "एखादी वस्तू मनात भरली की मी तिचा भाव विचारतो. आन् तेवढेच पैसे फंडात टाकतो, तिथल्या तिथं. वस्तू दुकानात राह्यते, पैसे मले राह्यतात. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची हाय."

"आन् मंग काय करायचं?"

"दिवाळी."

तिला कळलं नाही. तो खुर्चीची पाठ धरून बोलू लागला. त्याचे वडील भगवानराव भैंशाच्या एका जिनिंगमध्ये मशीनवर होते. कापसाचा सीझन अन् दिवाळी एकदमच. पोरं झोपल्यावर ते घरी यायचे, तेव्हा केसांत कापसाची फुसं असायची. दिवाळीत बाप घरी असतो हे त्याने दुसऱ्यांच्या घरात पाहिलं. "आन् मी लागलो वीज खात्यात. सणाले उजेड पाह्यजे, म्हणून आमची ड्युटी. तवा ठरवलं, पंचेचाळीसनंतरच्या साऱ्या दिवाळ्या माह्या."

"म्हणजे तो गजरा..."

"फंडात हाय."

"झुमके?"

"ते बी." तो खाली पाहत म्हणाला, "पहिले मले काही घ्यावंसंच वाटत नव्हतं. तुमी भेटल्यापासून सारंच घ्यावंसं वाटते. लई पैसे पडून राह्यले. तुमच्यामुळं मी चव्वेचाळीसलेच सुटतो, असं दिसते."

इतकं गोड आजवर कोणी तिच्याशी बोललं नव्हतं. आणि इतका रागही तिला आजवर कधी आला नव्हता.

"गजरा सकाळी घेतला नाही तर संध्याकाळी सुकते," ती म्हणाली. "त्याच्यावर व्याज लागत नाही. मी बँकेत हाय, मले नका शिकवू." आणि मग तिने बाबांची भाकरी सांगितली, आईचे गुडघे सांगितले. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "तुमी बी तसेच. पंचेचाळीसले सुटान, अन् माह्यासमोर बसून शुगरच्या गोळ्या खासान. मले भीती वाटते तुमची. आवडता, म्हणून जास्त वाटते."

ट्रान्सफॉर्मर घरघरत राहिला.

"तुमचे बाबा दिवाळीले घरी येत नव्हते," तिने डोळे पुसत विचारलं. "तुमी कोणी गेले काय कधी जिनिंगवर, डबा घेऊन?"

त्याने तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "हे कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

चैत्रालीने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने चकली मोडली, खाल्ली, दुसरी घेतली. मग हात पुसून त्याने फोन काढला आणि अंगठा फिरू लागला. चकलीचा भाव! एवढं रडून, एवढं बोलून शेवटी चकलीचाच भाव लावतोय हा माणूस. तिने जायला पाऊल उचललं. बाहेर रस्त्यावर आदिलाबादची बस येऊन थांबली होती.

"पन्नास होतात," तो म्हणाला.

"चकलीचे?"

"वर्षं. दरवर्षी सारे सण केले, तुमच्यासंगं... गजरे, फराळ, तुमच्या आईले एकदा समुद्र, सारं धरून. थोडं थोडं टाकत बी राह्यलो. तर पंचेचाळीसचे पन्नास होतात. पाच वर्षं जास्त नोकरी करा लागते."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. सवयच लागली होती, कुठे काही लपवतोय का ते शोधायची.

"मंग?" तिने विचारलं.

त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

"मंग पन्नास."

कंडक्टरने बसमधून हाक मारली, येता का म्हणून. चैत्रालीने न वळताच हात हलवून त्याला जायला सांगितलं.