लॅटिनच्या लेकी

“बाटली धुतली हाय न्हवं?”

सेहेचाळीस साली, कराडच्या एका दवाखान्याच्या खिडकीतून हा प्रश्न आला. आबांच्या खोकल्याचं औषध न्यायला मी गेले होते, आणि नवा कंपाउंडर माझी बाटली उजेडात धरून बघत होता. असा राग आला... आणि नेमके तेव्हाच त्याचे डोळे दिसले.

“इंग्रजी तिसरी झालीय माजी. बाटली धुता येती!” मी फणकारले. “तुमच्या डाक्तरलाच लिवता येत न्हाई. चिठ्ठीवरच्या ह्या इंग्रजी ‘आर’ची तंगडी कशी मोडली?”

तो हसला. जोतीराम त्याचं नाव. “ते लॅटिन हाय. जुन्या रोमची भाषा. ‘रेसिपेरे’ म्हंजे घेनं. त्यातलं ‘रेसिपे’ — घे! त्याचाच ह्यो ‘आर’. हे एवढं घे, ते तेवढं घे, असं डाक्तर मला सांगत्यात.”

पुढच्या बाजारी मी मुद्दाम विचारलं, “त्या घेन्याचं फुडं काय झालं?”

“लेकी झाल्या त्याला. पोस्टातली रिसीट, ती एक. सायबाच्या सैपाकाची रेसिपी, ती दुसरी. ती आदी औषधाची व्हती, चुलीपाशी मागनं गेली.”

“आनि त्याची आई कोन?”

“‘कापेरे’. म्हंजे... हातात धरनं.” त्यानं बाटली पुढं केली. बोटाला बोट लागलं. मी हात लगेच काढला नाही.

“लेकी लय लांब दिल्या की!”

“लांबच... पन नांदत्यात चांगल्या.”

“तुमचं गाव?”

“माण. दहिवडीच्या पल्याड.”

आमच्या कृष्णाकाठचं कुणी माणात लेक देत नसे. हंडाभर पाण्याला तिथं कोसभर चालावं लागतं. आबा देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. आणि मला तर तोच हवा होता.

खोकला गेला, तरी मी बाटली नेतच राहिले. एक दिवस आबांनी फडताळ उघडलं. आत चार भरलेल्या बाटल्या!

“अंजे, मी ठणठणीत हाय. मग ह्ये कुनासाठी?”

मला खोटं बोलता येईना; त्याचं नाव, गाव, सगळं सांगून टाकलं. आबा म्हणजे पेन्शनीतले हवालदार. मला घेऊन थेट त्या खिडकीशी उभे राहिले.

“पानी किती लांब?”

“दीड कोस जी. उन्हाळ्यात दोन.” त्यानं पाऊलभरही कमी सांगितलं नाही.

“आनतं कोन?”

“सुट्टीला गेलो की मीच. आईचं गुडघं दुखत्यात.”

“गडी असून? लोकं हसत न्हाईत?”

“हसत्यात की.”

“आनि माजी लेक दिली तर?”

त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. “हंडा माझ्याच खांद्यावर. त्यांनी नुसतं संगं चालावं... वाट लांब हाय, बोलाया कुनीतरी पायजे.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळले. “तुजं काय गं?”

आबांसमोर मान वर करून मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“आबा, मला चालाया लय आवडतं.”